पाच सेकंदांची हाक

मी पोटासाठी नक्की काय करतो, हे आमच्या गावात मला कुणालाच नीट समजावता आलेलं नाही, आणि त्यात गावाचा काही दोष नाही. सिनेमाला आवाज यायच्या आधी जे मूकपट निघाले, ते युरोपात अजून जपून ठेवतात. खराब झालेली रिळं स्वच्छ करतात, फाटलेलं जोडतात आणि मोठ्या सभागृहात तिकीट लावून दाखवतात. पडद्याखाली वादक बसतात आणि चित्र संपेपर्यंत वाजवत राहतात. त्यांनी काय वाजवायचं ते लिहून देणं हा माझा धंदा. जर्मनीतल्या एका शहरात बारा वर्षं मी हेच करतोय. आमचं गाव राजूरपासून चार-पाच किलोमीटरवर. तिथल्या चहाच्या टपरीवर एकाने माझी ओळख करून दिली होती, "हा तिकडं मेलेल्या सिनेमायला संगीत देतो." मला ती ओळख इतकी आवडली की तिकडच्या एका मुलाखतीत मी ती स्वतःच्या नावावर खपवली. लोक हसले.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांना मी एकदा लॅपटॉपवर असला एक सिनेमा दाखवला होता. लिंबाखाली बाजेवर बसून त्यांनी दहा मिनिटं मन लावून बघितला आणि मग कानाला हात लावून विचारलं, "ही माणसं बोलून राह्यली, पण यायचा आवाज कुठं गेला?"

"तेव्हा आवाज घ्यायची सोय नव्हती, अण्णा."

"मंग तू देऊन राह्यला का?"

"मी वाजवायचं लिहून देतो. आवाज नाही."

"हां. म्हंजे अर्धंच काम," असं म्हणून ते मेंढरांकडे निघून गेले.

आमचं घर मेंढरांचं. आजोबा वर्षातले आठ महिने फिरतीवर असायचे. अण्णांनी दोन एकर जमीन केली, कापूस आणि मका लावला, पण पस्तीस-चाळीस मेंढ्या शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. मी राजूरच्या भजनात पेटी वाजवायला लागलो, तिथून भोकरदन, मग संभाजीनगर, मग पुणे, मग परदेश असा घरंगळत गेलो. अण्णांनी कधी अडवलं नाही. कौतुकही फार केलं नाही. मेंढरू नवं रान शोधतं तसा मी गेलो असं त्यांना वाटत असावं.

गावाबाहेरच्या पाझर तलावावर दुपारी तीन-चार कळप एकदम पाण्यावर येतात. सगळी मेंढरं काळी, सगळी धुळीने माखलेली, एकमेकांत मिसळून गेलेली. नवख्याला वाटेल की आता यांतून आपापली निवडून काढण्यात सगळी दुपार जाणार. तसं काही होत नाही. पाणी पिऊन झालं की प्रत्येक मेंढपाळ आपापल्या वाटेला लागतो आणि चालता चालता आपली हाक देतो. मागे वळूनही बघत नाही. त्या गर्दीतून त्याची मेंढरं तेवढी सुटतात आणि त्याच्या मागे लागतात. हाक ज्याची त्याची असते. दुसऱ्याची हाक कुणी चेष्टेतही द्यायची नाही.

अण्णांची हाक छातीतून निघायची आणि वर चढायची. वर गेल्यावर ती मधेच फुटायची. त्या फुटलेल्या जागी जरा वेळ नुसता श्वास असायचा, आणि मग हिर्र्र करत ती खाली उतरायची. एकूण पाच सेकंद. मी मोजली आहे म्हणून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मला एका जुन्या मूकपटाचं काम मिळालं. डोंगरातलं गाव, हिवाळा, एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा कळप बर्फात हरवतो. एका प्रसंगात कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर स्थिर आहे. तो तोंड उघडून हाक मारतो आणि अर्थातच काहीही ऐकू येत नाही. सात सेकंद नुसतं उघडं तोंड. माझ्या आधी ज्यांनी या सिनेमाला संगीत दिलं त्यांनी तिथे व्हायोलिन रडवली होती. मी ठरवलं की तिथे खरी हाक घालायची. कल्पना माझीच होती आणि मला तिचा फार गर्व होता. दिवाळीला घरी आलो ते रेकॉर्डर घेऊनच.

अण्णा तयार होईनात. "मेंढरं हितंच तं हायेत डोळ्यासमोर," ते म्हणाले. "उगाच बोलावलं तं फसवल्यासारखं होतं त्यायला."

दोन दिवस मी मागे लागलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पद्धतीने मार्ग काढला. कळप तलावावर पाणी पीत असताना ते मला घेऊन लांब टेकाडावर चालत गेले, खरोखरच घरी निघायची वेळ होईपर्यंत तिथे बसले, आणि वेळ झाल्यावर त्यांनी हाक दिली. मेंढरं आली. मी म्हटलं, अजून एकदा द्या, वाऱ्याचा आवाज आलाय. ते म्हणाले, "आता कशाला? आले की सगळे." माझ्याकडे ती एकच हाक होती.

परत गेल्यावर मी ती हेडफोन लावून ऐकली. मागे घंट्या वाजत होत्या, कुठेतरी मोटारसायकल चालली होती, आणि आवाजातच एक बारीक खरखर होती, दळणात खडा आल्यासारखी. मला वाटलं, वारा. सरावाच्या दिवशी मी ती वादकांसोबत वाजवून दाखवली. आमच्या वाद्यवृंदाची प्रमुख एक वयस्कर बाई आहे. तिने डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, फार सुंदर आहे, फक्त आमच्या सुरापेक्षा थोडी उतरलेली आहे. मग डोळे उघडून म्हणाली, हवं तर आम्ही वाद्यं त्यांच्या सुरात लावून घेतो.

हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल. चाळीस माणसं माझ्या बापाच्या सुरात वाद्यं लावायला तयार होती. मी नको म्हटलं. मला लाज वाटली. इतकी वर्षं त्या लोकांत मान वर करून वावरलो आणि माझा बाप त्यांच्यापुढे बेसूर ठरला, असं मला वाटलं. मी म्हटलं, मी करतो दुरुस्त.

आणि केली. सूर चढवून वाद्यांच्या बरोबरीला आणला. त्या म्हाताऱ्याचं तोंड सात सेकंद उघडं होतं म्हणून पाच सेकंदांची हाक ताणून सात सेकंदांची केली. मधली फुटलेली जागा ताणल्यावर विचित्र वाटायला लागली, म्हणून ती बुजवली. घंट्या काढल्या. खरखर काढली. दोन दिवस बसून मी तो आवाज असा चकचकीत केला की कुठे बोट ठेवायला जागा राहू नये. मग तो जुन्या फाईलवरच सेव्ह केला आणि रेकॉर्डरमधलं कार्ड दुसऱ्या कामासाठी पुसून टाकलं. मूळ आवाज कधी पुसायचा नसतो, ही गोष्ट मी तिकडच्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवतो. पण हा काही कुणा गवयाचा दुर्मीळ आवाज नव्हता. अण्णांचा होता. हवा तर पुढच्या दिवाळीला परत घेऊ, असं मी मनात म्हटलं होतं.

सिनेमा झाला त्या संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. त्या जागी हाक आली आणि माझ्या शेजारी बसलेल्या बाईने तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी घरी फोन केला. अण्णा फोनवर कधी बोलायचे नाहीत. "हां, बोल," एवढं म्हणून फोन मायकडे द्यायचे. त्या दिवशी मी हट्टाने त्यांनाच धरून ठेवलं. म्हटलं, अण्णा, तुमची हाक भरल्या सभागृहाने ऐकली.

"आले का मंग त्या म्हाताऱ्याचे मेंढरं?" त्यांनी विचारलं.

सिनेमात पुढच्याच चित्रात कळप उतरणीवरून धावत येतो. मी म्हटलं, "आली, अण्णा."

"मंग बराबर," ते म्हणाले आणि फोन मायकडे दिला.

पुढच्या दिवाळीच्या आधीच मायचा फोन आला. अण्णांना गिळताना त्रास होत होता. जालन्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं होतं आणि तिथे गळ्यात गाठ निघाली होती. मी मिळेल त्या विमानाने आलो. तरुण डॉक्टरने कागद पुढे ओढून विचारलं, आवाज कधीपासून घोगरा झालाय? माय म्हणाली, चार-सहा महिने झाले असतील. अण्णा म्हणाले, "ध्यान न्हाई दिलं." मला दिवस ठाऊक होता. आदल्या दिवाळीचा तो दिवस, ते टेकाड, ती वेळ. मी ती खरखर जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या हेडफोनवर पन्नास वेळा ऐकली होती. तिच्यावर बोट ठेवून ती पुसली होती. माझे कान आवाजातलं केसाएवढं व्यंग पकडतात म्हणून मला लोक पैसे देतात, आणि बापाचा रोग कानात वाजत असताना मला तो वारा वाटला.

ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. आता अण्णा गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचे आणि त्यावर मलमलीचा तुकडा बांधायचे. तोंडाने शब्द नाही, शीळ नाही. महिनाभराने घरी आणलं तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण चार दिवसांतच ते काठी घेऊन तलावाकडे निघाले. तोवर मेंढरं माय आणि माझा चुलतभाऊ हाकून हाकून नेत-आणत होते. मीही मागोमाग गेलो.

पाण्यावर तीन कळप एकत्र होते. बाकीचे दोघे आपापली हाक देऊन निघाले, त्यांची मेंढरं गेली. अण्णा आपल्या वाटेला लागले, सवयीने, पाठ फिरवून. चार पावलं गेल्यावर त्यांनी मान वर केली आणि तोंड उघडलं. गळ्यावरचा कपडा हलला आणि फुस्स झालं, बाकी काही नाही. अण्णा तसेच उभे राहिले, तोंड उघडं ठेवून. तो चेहरा मी एकेक चित्र थांबवून महिनाभर बघितलेला होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग ते वळले आणि माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. जवळ येऊन त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातल्या फोनवर बोट आपटलं, मग टेकाडाकडे हात केला, मग स्वतःच्या गळ्याकडे. माझी हाक तुझ्याजवळ आहे ना, ती लाव.

तेव्हाच खरं सांगायला पाहिजे होतं. मी फोन काढला आणि लावली. मेंढरं पाणी पीत राहिली. मी म्हटलं, फोनचा आवाज कमी पडतोय, उद्या स्पीकर आणतो. दुसऱ्या दिवशी भोकरदनला जाऊन चांगला मोठा स्पीकर आणला आणि दुपारी तलावावर दगडावर ठेवला. सात सेकंदांची ती सुरेल, स्वच्छ हाक पाण्यावरून पलीकडच्या बांधापर्यंत गेली. मेंढरांनी माना वर केल्या. एक म्हातारी मेंढी होती, कळपाच्या पुढे चालणारी, ती दोन पावलं आली, उभी राहिली, कान हलवले आणि परत खाली मान घालून चरायला लागली. मी दुसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा अण्णा मेंढरांकडे बघत नव्हते. कान स्पीकरकडे करून, मान तिरकी धरून ते ती हाक ऐकत होते. त्यांना सगळं कळलं. आयुष्यभर हाका ओळखण्यात गेलेला माणूस तो.

मी स्वतः तोंडाने त्यांची हाक देऊन पाहिली. एवढा शिकलेला संगीतकार. मेंढरांनी वरही बघितलं नाही.

संध्याकाळी माय अंगणात खांबांना बांधलेल्या जाळीच्या कोंडवाड्यात कोकरांना कुर्र कुर्र करून बोलवत होती. तिला वाटलं, माझा जीव खाली पडावा म्हणून काहीतरी करावं. म्हणाली, "माझा आवाज घेऊन पाह्य बरं त्याच्यात, यंत्रच बिघडलं असंन." मी तिचा आवाज फोनमध्ये घेतला आणि त्याच स्पीकरवर लावला. कोकरं उड्या मारत आली आणि स्पीकरला नाकं घासायला लागली. माय हसली. मग अण्णांकडे बघून तिचं हसणं गेलं. अण्णा बाजेवरून सगळं बघत होते.

दुसऱ्या दिवशी टपरीवर लोकांनी अण्णांना घेरलं. कळप आला का यंत्राच्या हाकेला, असं विचारू लागले. अण्णांनी स्पीकरचा चौकोन हवेत काढून दाखवला आणि मनगट फिरवलं, यंत्र खराब. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मान डोलावली, पोराचं काम बराबर. त्यांनी कोकरं स्पीकरला नाक घासताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, आणि तरी गावासमोर त्यांनी माझी अब्रू राखली. मी हातात चहा घेऊन उभा होतो.

मेंढरं हळूहळू शिकली असती. डबा वाजवून, काठी आपटून, सगळं शिकतात ती. चुलतभाऊ तेच म्हणत होता. पण अण्णांनी दिवाळीनंतर कळप विकला. घेणारा घाटाखालचा होता, त्याच्यासोबत दोन माणसं होती. रस्त्यापर्यंत अण्णा पुढे चालले म्हणून मेंढरं मागे गेली. रस्त्यावर आल्यावर अण्णा बाजूला झाले, तशी मेंढरंही बाजूला झाली आणि त्यांच्याभोवती उभी राहिली. घेणाऱ्याने आपली हाक दिली, पुन्हा दिली. शेवटी अण्णा वळून झपाझप घराकडे निघाले आणि त्या माणसांना जाळी आडवी धरून मेंढरं अडवावी लागली. मी अण्णांच्या मागे चालत होतो. त्यांच्या गळ्यातून जोराने श्वास येत होता. ते रडत होते, पण आवाजावाचून माणूस रडतो ते मागून कळत नाही. घरी पोचल्यावर तोंड बघितलं तेव्हा कळलं.

चैत्रात ते गेले. मी तिसऱ्या दिवशी पोचलो, राख सावडायला.

आता माय एकटी असते. तिच्या हातात मोठा फोन आहे आणि दर रविवारी सकाळी ती मला चेहरा दाखवते, बहुतेक वेळा अर्धाच. मागे जाळीचे खांब दिसतात, जाळी काढून टाकली आहे. मध्यंतरी तिने माझ्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ शोधून काढला होता. अण्णा त्यात पाहुण्यांना काहीतरी मोठमोठ्याने सांगत आहेत, हातवारे करत आहेत, आणि वरून व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवली आहेत. त्या व्हिडिओवाल्याला मी त्या वेळी फार नावं ठेवली होती. तो निदान लग्नाचं काम करत होता. अण्णा काही त्याचा बाप नव्हते.

गेल्या रविवारी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर माय म्हणाली, "तुझ्या त्या सिनेमातला त्यायचा आवाज लाव ना. मला ऐकायचाय."

तलावावर स्पीकर लावला त्या दिवशी ती तिथे नव्हती. मी ती हाक तिला कधी ऐकवली नव्हती, आणि तिनेही आजवर मागितली नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं. लावली. ती फोन कानाला धरून ऐकत होती, त्यामुळे मला नुसता तिचा कान आणि पांढरे केस दिसत होते. हाक संपली. तिने फोन कानापासून काढला आणि पडद्यात बघितलं.

"दुसरा न्हाई का रे?" तिने विचारलं. "तू तं एवढं आवाजाचंच काम करतो."

"न्हाई, माय," मी म्हटलं. मग पहिल्यांदाच सांगितलं. "होता. बराबर होता. मी पुसला."

तिने पदराने फोनची काच पुसली. मग मागच्या खांबांकडे वळून बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "मंग तोच लाव अजून एकदा."